शामल, बाळा आत येणार होता

शामल,

चतुर्थी तोंडावर आली आहे आणि मी अजून घर झाडायला घेतलेलं नाही. तुझ्या तेराव्याहून परत आल्यापासून हातात घेतलेलं कुठलंच काम पुरं होत नाही. केरसुणी घेते आणि खिडकीशी जाऊन उभी राहते. परवा आईने विचारलं, "रजू, तुझा मन खंय आसा गो?" मी केरसुणी परत कोपऱ्यात ठेवली. तिलाही उत्तर नकोच होतं.

लोक तुझ्याबद्दल लिहू लागले आहेत. पेपरात आलं, मोबाईलवर फिरतंय. तुझं शिक्षण, तुझं संशोधन, डॉल्फिनवरचं तुझं काम, सगळं बरोबर आहे. पण त्याच्याबरोबर एक फोटो आहे. त्यात तू होडीत उभी राहून हसते आहेस, मागे किल्ला दिसतोय. तो बघून माझ्या तोंडून निघालं, "ह्या खोटा." होडीत तू कधी हसली आहेस? होडीत तुला उलट्या व्हायच्या. सगळा जन्म समुद्रावर घालवलास आणि शेवटपर्यंत समुद्र तुला लागतच राहिला. तोंडात आमसूल धरून, डोळे लाल झालेले, एका हाताने होडीची कड घट्ट पकडलेली आणि दुसऱ्या हातात कॅमेरा, अशी तू मला माहीत आहेस. तो फोटो बहुतेक होडी वाळूत ओढून ठेवलेली असताना काढला असणार.

मालवणपासून आत कट्टा, आणि त्याच्याही आतल्या गावची मुलगी तू. घरी भातशेती, काजूची बाग, गोठ्यात म्हशी. पोहायचं सोड, तू कॉलेजला येईपर्यंत पायसुद्धा खाऱ्या पाण्यात घातले नव्हतेस. आपण एका बाकावर बसायचो आणि मी तुला रापणीच्या गोष्टी सांगायचे. सगळी वाडी मिळून जाळं किनाऱ्यावर कशी ओढते ते. एका रविवारी तू हट्टच धरलास, मला समुद्रात घेऊन चल. माझा भाऊ बाळा तेव्हा नुकताच स्वतःची होडी चालवायला लागला होता. त्याने आपल्याला नेलं. किनारा दिसेनासाही झाला नव्हता आणि तू कडेवरून वाकलीस. बाळा खो खो हसला. "ह्या चेडू कट्ट्याच्या बाजाराक बरा. दर्याक नाय."

तेवढ्यात अगदी जवळ पाण्यातून फुस्स असा आवाज आला. डॉल्फिन. आम्हाला त्याचं काही अप्रूप नव्हतं, लहानपणापासून बघत आलेलो. पण तू तोंडसुद्धा न पुसता तशीच वळलीस. पाठ वर आली, पाठीवरचा उंचवटा चमकला, परत आत गेली. तू माझा हात दाबलास.

"आयकलंस? तेना श्वास घेतल्यान."

"मगे? घेतलोच पाहिजे."

"आपल्यासारखो," तू म्हणालीस. "आपल्यासारखोच घेता गो."

त्यानंतर तू परत उलटी केलीस. पण घरी जाताना एसटीत बसेपर्यंत तू त्या श्वासाशिवाय दुसरं काही बोलली नाहीस.

पुढे तू शिकायला बाहेर गेलीस, मी इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले. तू परत येशील असं मला वाटलं नव्हतं. इथून शिकायला गेलेलं कोण परत येतं? तू आलीस. बंदराजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्यास, एका खोलीत चूल आणि एका खोलीत वाळूत सापडलेली हाडं. माझी आई पहिल्यांदा तिथे आली तेव्हा दारातूनच मागे फिरली होती आणि नंतर तुझ्यासाठी कायम डबा माझ्याकडूनच पाठवायची. "तिच्या त्या घरात जेवणा बरी नाय रवाची," म्हणायची.

किनाऱ्याजवळ राहणारे डॉल्फिन कोणते, ते कुठे फिरतात, आणि जाळ्यात अडकून मरतात ते कुठे आणि का, एवढं तुला शोधायचं होतं. पाठीवरच्या पराच्या खाचांवरून तू त्यांना ओळखायचीस. काहींना नावं दिली होतीस. एकीचं नाव 'फाटकी' होतं, कारण तिचा पर वरून फाटलेला होता. तुझी आई विचारायची, "फाटकी दिसली काय गो?" आणि शेजारणींना वाटायचं, कुठल्यातरी बाईची चौकशी चालली आहे.

पण मेलेल्यांबद्दल तुला कोणी सांगत नव्हतं. डॉल्फिन जाळ्यात मेला हे कळलं तर केस होईल ही भीती, आणि त्याहून मोठी भीती अभयारण्याची. देवळाच्या सभामंडपातली ती पहिली सभा आठवते? तू पडदा लावला होतास, मशीन आणलं होतंस, आणि चित्रं सुरू व्हायच्या आधीच एक जण उठला.

"तुमी मोजतलात. मगे सरकार येतला आणि सांगतला, हंय मासेमारी बंद. आमी खंय जावचा?"

तू म्हणालीस, "सरकार काय करीत ता माका म्हायत नाय. माका म्हायत आसा तेवढाच सांगतंय. मी कोणाचा नाव लिवचंय नाय."

"डॉल्फिन आमच्याकडे मरनतच नाय," मागून कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. सगळ्यांना माहीत होतं की दगड बांधून ते खोल पाण्यात सोडले जातात. तुलाही माहीत होतं. तू पडदा गुंडाळलास, आणि पुढच्या आठवड्यात परत जाऊन लावलास.

आणि मग एका सकाळी बाळा तुझ्या दारात आला. मी तिथेच होते, तुझा डबा घेऊन आलेली. त्याने आत पाऊल टाकलं नाही. "जेटीर ये," एवढंच म्हणाला.

त्याच्या होडीत मेलेली डॉल्फिन होती, जाळ्यासकट. तू खाली उतरलीस आणि तिच्या डोक्याजवळ बसलीस. बाळा उभाच होता, शाळेत शिक्षेला उभं करावं तसा. "मिया मारूक नाय गो. जाळा वर काढीसर मेला होता."

"माका म्हायत आसा, बाळा."

"बाकीचे म्हणत होते, सोडून दी. कित्याक हाडलंय माकाच कळणा नाय."

"तू हाडलंस. ह्याच मोठा," तू म्हणालीस. तेवढ्या काळात कोणी तुला एक मेलेला डॉल्फिन दाखवला नव्हता. बाळाने दाखवला म्हणून नंतर इतरांनी दाखवले. त्या किनाऱ्यावर तुझं काम खरं त्या सकाळी सुरू झालं, हे तू सगळ्यांना सांगायचीस. नाव न घेता.

आता पुढचं लिहायला मला नको वाटतंय. पण ते टाळून तुझ्याशी बोलायचं म्हणजे ते होडीतल्या हसऱ्या फोटोसारखं होईल.

तू शहरात व्याख्यान द्यायला गेलीस. मोठा हॉल, कॉलेजची मुलं, समुद्र न पाहिलेली. त्यांना हलवायचं होतं तुला. तू एक फोटो दाखवलास: होडीच्या तळाशी पडलेली ती डॉल्फिन, तोंडाभोवती जाळं. वरच्या कोपऱ्यात होडीच्या फळीवरचं नाव अर्धं दिसत होतं. तुझ्या नजरेतून ते सुटलं. समोर बसलेल्या कुणीतरी पडद्याचा फोटो काढला आणि तो सुटला जगभर. बाळाच्या होडीचं नाव त्याच्या मुलीचं आहे, तनुजा. ते नाव लोकांनी वाचलं, होडी ओळखली, बाळाला ओळखलं. खुनी म्हणाले. त्याच्या फोनवर शिव्या यायला लागल्या, कुठल्या कुठल्या गावांहून. चौकशीला माणसं आली. त्याचं काही झालं नाही, पण वाडीतले म्हणाले, "बघ, सांगलेला तुका. इश्वास ठेवलंस."

आणि तनुजा माझ्या वर्गात होती. मधल्या सुट्टीत मुलांनी तिला घेरलं, "तुझ्या होडीन डॉल्फिन मारल्यान." ती डबा न खाता माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

तू शहरातून थेट आमच्याकडेच आलीस, पाठीवरची पिशवीसुद्धा न उतरवता. बाळा आतल्या खोलीत जाळं विणत बसला होता. तू खळ्यात, घरासमोरच्या अंगणात, उभी राहिलीस आणि हाक मारलीस. त्याने ओ दिली नाही. "बाळा, माझ्याकडना चूक झाली," तू म्हणालीस, सगळ्या शेजाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आत जाळ्याची सुई थांबली. मग पुन्हा चालायला लागली. आईने तुला चहा दिला. तू तो हातात धरून पायरीवर बसून राहिलीस, संध्याकाळी दिवेलागण होईपर्यंत. चहावर साय धरली. बाळा बाहेर आला नाही.

त्यानंतर तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला नाहीत. तू रस्त्यात दिसलीस की तो मान वळवायचा. तू मान वळवायची नाहीस. तू थांबायचीस, तो जाईपर्यंत.

तू सगळी व्याख्यानं बंद केलीस. पडदा माझ्या घरी आणून टाकलास. "लोकांका दाखवूचा झाला आता," म्हणालीस. "मी मोजीन, लिहीन, गप रवान." तेव्हा आपलं पहिलं मोठं भांडण झालं. मी म्हटलं, तुझं लिहिलेलं इथे कोण वाचणार? कपाट? तू म्हणालीस, कपाट कोणाला शिव्या देत नाही. मी म्हटलं, मग डॉल्फिन कपाटातच राहतील. तू उठून गेलीस, आणि दुसऱ्या दिवशी आईने डबा भरला तेव्हा मी तो घेऊन निमूट तुझ्याकडे आले. डब्याने आपली किती भांडणं मिटवली असतील, शामल.

तुला परत माणसांत आणलं ते मासे विकणाऱ्या सरस्वतीकाकींनी. त्या सकाळी वारा पडला होता आणि किनाऱ्यावर सुरूच्या झाडांच्या खाली डॉल्फिनची एक मोठी मादी वाहून आली होती. वनखात्याची माणसं आली, गुरांचे डॉक्टर आले. शवविच्छेदन तिथेच करायचं होतं. बातमी पसरली, माणसं जमली. मासे विकायला निघालेल्या बाया टोपल्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "रजू, ह्यांका घालव हंयसून. माका कोण नको."

मी हलले नाही. मी म्हटलं, "किनारो तेंचो आसा."

तू माझ्याकडे असं बघितलंस की मला वाटलं, संपलं आपलं. आणि तेवढ्यात सरस्वतीकाकी पुढे आल्या. कपाळ मोकळं, काष्टा घट्ट, तोंडात तंबाखू. त्या मेलेल्या जनावराच्या पोटाकडे बघत राहिल्या आणि तुला म्हणाल्या, "गो बाय, पोटुशी आसा काय गो ही?"

तू म्हणालीस, "उघडल्याशिवाय कळाचा नाय, काकी."

"मगे उघड. पण अशी उघडी उघडी नको. आडोसो कर."

त्यांनीच लुगडं मागवलं. चार बायांनी चार टोकं धरली आणि त्या आडोशाआड डॉक्टरांनी कापलं. आत पिल्लू होतं. पूर्ण वाढलेलं, शेपटी दुमडलेली, अंगावर घड्यांच्या रेषा. तू ते दोन्ही हातांनी उचललंस आणि वाळूवर ठेवलंस. लुगड्याचं एक टोक सुटलं, कारण ते धरणारी बाई रडत होती.

तू नमुने घेतलेस, मापं घेतलीस, तुझं सगळं नीट केलंस. काकी कुठे गेल्या ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची सून होती आणि सुनेच्या हातात खण, तांदूळ, नारळ. "सवाशीण गेली की ओटी भरतत," काकी म्हणाल्या. "माका चलाचा नाय, मी रांडव. ही भरतली." वनखात्याच्या साहेबाने तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालीस, "माझा काम झाला, साहेब. आता तेंचा होवंदे."

पिल्लू आईच्या कुशीला लावून खड्ड्यात ठेवलं. सुनेने ओटी भरली. आणि मग एका बाईने विचारलंच, "कोणाच्या जाळ्यात मेली गो ही?" मेलेल्या मादीच्या मानेवरचा जाळ्याचा वळ सगळ्यांना दिसत होता. तू वाळूवर बसलीस, हातमोजे काढलेस आणि म्हणालीस, "माका म्हायत नाय. आणि माका ता जाणून घेवचा पण नाय. तुमका म्हायत असला तरी सांगा नको."

मग तू बोलायला लागलीस. पडदा नाही, चित्र नाही. आई जवळजवळ वर्षभर पिल्लू पोटात वागवते, ते जन्माला आलं की त्याला पहिला श्वास घ्यायला वर न्यावं लागतं, दूध पाजते, मग कितीतरी काळ आपल्याबरोबर फिरवते, शिकार शिकवते. एका वेळी एकच. म्हणून एक मादी गेली की तिच्या मागची सगळी घरं गेली. बाया ऐकत होत्या. टोपल्यांतले मासे उन्हात वाळत होते आणि एकही बाई उठत नव्हती. त्या दिवसानंतर तुझा फोन वाजायला लागला. "बाय, हंय एक कासव इला हा." "बाय, तुझी फाटकी दिसली आज, पिलासकट." पुरुषांनी जे सांगायला वर्षं लावली ते बायांनी एका सकाळीत ठरवलं.

फोटो तू पुन्हा कधी दाखवला नाहीस. मांजरपाटावर हाताने चित्रं काढायला लागलीस, वाईट चित्रं. तुझा डॉल्फिन पहिल्यांदा म्हशीसारखा दिसायचा. मुलं हसायची आणि तू म्हणायचीस, "माझ्या घरी म्हशीच आसत रे, काय करतलंय?" जत्रेत, शाळेत, देवळात, त्या कापडासकट तू फिरलीस. कोणी ऐकलं, कोणी नाही. जाळ्यातून जिवंत कासव सोडवलं की लोक तुला कळवायला लागले. पण डॉल्फिन मरायचे थांबले नाहीत, आणि ते तू कोणापासून लपवलंही नाहीस.

आपलं दुसरं भांडण अजून तसंच पडलं आहे. तू म्हणायचीस, लोकांना प्रेम करायला शिकवून आपण चूक केली. आता ते होड्या भरभरून बघायला येतात, डॉल्फिनच्या मागे लागतात, आया पिल्लं घेऊन पळतात. मी म्हणायचे, प्रेम नसेल तर राखेल कोण? तू म्हणायचीस, "राखूक लांब रवाक व्हया. लांब रवान माया करूक कोणाक येता?" मी उत्तर शोधत होते. तुझ्या आजारपणातही आपण त्यावर बोललो, आणि तू थकून डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "उद्या." ते उत्तर मला अजून सापडलेलं नाही. सापडलं तर कोणाशी भांडू?

आजार कळला तेव्हा उशीर झाला होता. गोव्याला नेलं, आणलं, परत नेलं. मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं आणि तू समुद्र सोडून आपल्या गावी, काजूच्या बागेतल्या घरी गेलीस. "बरा झाला," मला म्हणालीस. "हंय जमीन हलणा नाय." तू हसलीस. मी हसू शकले नाही.

दर रविवारी मी येत होते. कट्ट्यापर्यंत एसटी आणि पुढे रिक्षा, असं माझं चाललं होतं. एका रविवारी मी निघाले तर बाळाने मोटारसायकल बाहेर काढली होती. "चल," म्हणाला. मी काही विचारलं नाही. तुझ्या घराच्या बेड्याशी, कुंपणाच्या फाटकाशी, त्याने गाडी थांबवली. "तू जा. मी हंय आसंय."

मी आत आले. तू खिडकीशी पलंगावर पडलेली. तिथून बेडं दिसतं. तू बाहेर बघत होतीस.

"तो बाळा मा?"

"होय."

मला वाटलं, तू त्याला बोलावायला सांगशील. तू बराच वेळ बघत राहिलीस. मग तुझ्या वहिनीला म्हणालीस, "भायर तो उभो आसा, तेका पाणी न्हेवन दी. आणि सांग, उन्हात नको उभो रवा, मांगरात बस म्हणा. भुतूर नको बोलावा तेका. तेका वाटात तेव्हा येतलो."

तसे किती रविवार गेले. प्रत्येक वेळी वहिनी पाणी घेऊन जायची, प्रत्येक वेळी तो मांगराच्या, बागेतल्या त्या खोपटाच्या, सावलीत काजूच्या खोडाला टेकून बसायचा, आणि प्रत्येक वेळी परतीच्या वाटेवर फक्त विचारायचा, "कशी आसा?" मी सांगायचे. तू कमी कमी होत होतीस आणि मी शब्द कमी कमी करत होते. पाऊस सुरू झाला तरी तो यायचाच. एकदा तू म्हणालीस, "तनुजाक काय आवाडता? शिकतली मा ती?" मी म्हटलं, कॉलेजला जाते, तुझाच विषय घ्यायचा म्हणते. तू भिंतीकडे वळलीस. तुझे खांदे हलत होते ते मी बघितलं आणि उठून पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले.

श्रावणातल्या पहिल्याच रविवारी, आपल्या शेवटच्या भेटीनंतर, परत येताना कट्ट्याच्या बाजारात बाळाने गाडी थांबवली. चहा घेतला. कपात बघत म्हणाला, "येत्या आयतवारी मी भुतूर येतंय." मी मान हलवली. घरी आल्यावर आईला सांगितलं तर तिने देवाजवळ दिवा लावला.

तू शुक्रवारी गेलीस.

बाळा असं म्हणाला, हे तुला माहीत नव्हतं. फोन करून तुला सांगता आलं असतं, पण मला वाटलं, हे त्याचं आहे, त्यानेच येऊन सांगावं. अजूनही मला तसंच वाटतं. आणि तरी दुपारी भांडी घासताना हात थांबतात. तू जाताना तो आत येणार आहे हे तुला ठाऊक नव्हतं, ही गोष्ट माझ्याच्याने गिळवत नाही.

तुझ्या गावात पावसात लाकडं भिजलेली होती. बाळा तुझ्या भावाबरोबर मांगरातून कोरडी लाकडं वाहत होता, एकेक खेप, कोणाशी न बोलता. तू घरात ठेवलेली होतीस आणि तो उंबऱ्यापर्यंत आला. मी बघत होते. तो आत आला, शामल. तुझ्या पायाशी उभा राहिला, हातात एक ओलं फडकं, ते पिळत. काही बोलला नाही. आणि तू तरी काय बोलणार होतीस?

तुझी राख तुझ्या भावाने नदीत सोडली. मालवणातल्या लोकांनी विचारलं, समुद्रात का नाही? मी सांगितलं, तिनेच बजावलं होतं, "माका दर्यात सोडू नकात, थंय माका लागता." रडत असलेल्या बायाही हसल्या.

हे सगळं तुला सांगायला मी बसले ते काल सकाळी जे झालं त्यामुळे.

बाळाचा फोन आला. तो कधी फोन करत नाही, एकाच घरात तर राहतो. "किनाऱ्यार ये. सुरी घेवन." मी गेले. तुटून वाहत आलेल्या जाळ्यात एक कासव गुरफटलेलं होतं, जिवंत. पुढच्या एका वल्ह्यासारख्या पायात दोरा हाडापर्यंत रुतला होता. पावसाळ्यात अशी किती येतात हे तूच सांगायचीस. मी वनखात्याला फोन लावला, ते निघाले. तोपर्यंत बाळाने कासव लाटेच्या वर, ओल्या गोणपाटावर आणलं होतं आणि दोन्ही हातांनी खालून उचलून धरलं होतं, जाळ्याचा ताण कमी व्हावा म्हणून. मी एकेक दोरा कापत होते. माझे हात तुझ्यासारखे नाहीत. मला भीती वाटत होती.

माणसं जमली. शेजारच्या वाडीतली एक वहिनी टोपली घेऊन आली, तू गेल्याची बातमी तिला लागली नसावी. तिने इकडे तिकडे बघितलं. "ती बाय खंय आसा? ती येवची नाय? ती इली की सगळा सांगता."

इतक्या दिवसांत किती जणांना सांगितलं असेल, पण इथे, या वाळूवर, सांगता येईना. सुरी हातात तशीच राहिली.

बाळा म्हणाला, "बाय गेली गो वैनी. श्रावणात गेली."

"अगो बाय माझे!" तिने टोपली खाली ठेवली. मग ती म्हणाली, "मगे आता सांगतला कोण आमका?"

बाळाने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. आणि मग तो बोलायला लागला. हे कासव इथलं नाही, लांबून वाहत आलं, जाळं कोणाचं ते शोधण्यात अर्थ नाही. त्याला उलटं करायचं नाही, त्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, पाण्यात ढकलायचं तर मुळीच नाही, जखम घेऊन ते बुडेल. तुझेच शब्द होते, शामल. तुझ्याच क्रमाने. मी वर बघितलं.

"तुका कसा म्हायत?" मी विचारलं.

"ती देवळात बोलताना मी भायर उभो रवान आयकत होतंय," तो म्हणाला. "दर वेळेक."

आणि मग त्याचा चेहरा मोडला. इतक्या वर्षांत मी माझ्या भावाला रडताना बघितलं नव्हतं, बाबा गेले तेव्हाही नाही. कासवाच्या खाली दोन्ही हात अडकलेले होते, म्हणून त्याला डोळे पुसता येत नव्हते. पाणी हनुवटीवरून कासवाच्या पाठीवर पडत होतं. वहिनी पदर घेऊन पुढे झाली. मी तिला हाताने थांबवलं आणि पुढचा दोरा कापायला घेतला.